दोरीच्या यंत्राची संक्रांत

आमच्या घरात एकही वस्तू विकत आणलेली नाही असं म्हटलं, तर तुम्ही म्हणाल बाई फेकून राहिली. मग या एकदा नांदेडला आणि बघा. न्हाणीतली बादली कपड्याच्या पावडरीवर आली, बादलीतला मग दुसऱ्या पावडरीवर. चहाचे कप चहापत्तीवर, वाट्या तुपावर, आणि चमचे त्या वाट्यांवर. भिंतीवरचं घड्याळ बी-बियाणांच्या दुकानानं दिलेलं. त्यावर आकड्यांच्या जागी पिकांची चित्रं छापलीत, त्यामुळं आमच्याकडं सव्वा तूर वाजते आणि पावणे सोयाबीन होतात. आमचे हे घरात जो टी-शर्ट घालतात त्याच्या पाठीवर सिमेंटची जाहिरात आहे आणि पोटावर ‘भेगा पडणार नाहीत’ असं लिहिलंय. नवरा तेवढा फुकटात मिळाला नाही. त्याच्यासाठी माझ्या वडिलांनी रोख मोजली, आणि त्यावर साधी वाटीसुद्धा आली नाही.

हे सगळं मी दुकानात उभी राहून, भांडून मिळवलेलं. दुकानदारानं पुडा दिला आणि वाटी दिली नाही, तर मी तिथंच ओट्यावर बसायची. मागं गिऱ्हाइकांची रांग लागायची, दुकानदाराला घाम फुटायचा, आणि वाटी निघायची. एकदा तर त्यानं स्वतःच्या डब्यातली वाटी धुऊन दिली होती. यात एक माणुसकी होती. तो मला ओळखायचा, मी त्याला ओळखायची, आणि दोघांनाही माहीत असायचं की वाटी गल्ल्याखालीच दडवलीय.

मग माझ्या हातात मोठा फोन आला, फोनमध्ये ॲप आलं, आणि माझ्या आयुष्यातला न्याय संपला.

त्या ॲपचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की फोन ऐकतो, आणि लगेच काहीतरी विकायला काढतो. पण तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? अर्धा किलो पोहे मागवायला जावं, तर खाली लिहून येतं, अजून एकोणचाळीस रुपयांचं सामान घाला, म्हणजे घरपोच फुकट. एकोणचाळीस रुपयांत येतं काय? हिंगाची डबी. आज माझ्या फडताळात एवढा हिंग आहे की गोदावरीला फोडणी घातली तर राजमहेंद्रीपर्यंत वास जाईल. कूपन लावावं तर म्हणतं, हे कूपन निवडक ग्राहकांसाठी आहे. म्हणजे मी कोण? नासकी? तीनशेची वस्तू आधी नऊशेची करायची, त्यावर रेघ मारायची आणि म्हणायचं, बघा, तुमचे सहाशे वाचले. माझे सहाशे! मग कुठं आहेत ते? दाखवा! आणि भांडावं म्हटलं तर समोर तोंड नाही. ओट्यावर बसावं म्हटलं तर ओटा नाही.

तरी मी ते सोडलं नाही. माझा स्वभावच तसा. जो मला लुबाडायला बघतो त्याला मी सहजासहजी सोडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी लेक लातूरला दिली. तिथल्या विहीणबाई अगदी माझ्याच वळणाच्या. लग्नाच्या बैठकीत सुपारी फुटत होती तेव्हा त्या फोनवर सुपारीचा भाव बघत होत्या. तेव्हाच मी ओळखलं, पोरगी योग्य घरात पडली. पोरगी मात्र आमच्या दोघींसारखी नाही. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, छापील किमतीला वस्तू देते आणि छापील किमतीला घेते. हे वळण तिच्या बापाकडून आलं. तो रिटायर मास्तर.

लग्नानंतरची पहिली संक्रांत आली. आमच्याकडं पहिल्या संक्रांतीला सुनेचं हळदी-कुंकू दणक्यात होतं, काळी साडी, हलव्याचे दागिने, आणि बायकांना लुटायचं वाण येतं ते सुनेच्या माहेरून. चाळीस-पन्नास बाया येतात, तिळगूळ घेतात, वाण पदरात घेतात आणि घरी जाईपर्यंत त्या वाणावरून माहेराची पत ठरवून टाकतात.

लेकीचा फोन आला.

“मम्मी, एवढं एक वाण नीट आण हं.”

“म्हणजे? मी काय वाकडं आणणार हाय का?”

“तसं नाही गं. इथं मोठ्या काकू आहेत ना, सासूबाईंच्या मोठ्या जाऊ. त्या तोंडावर बोलतात. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी पितळेचे करंडे लुटले होते, त्याचं अजून निघतं. आणि खालच्या घरातल्या सुनेनं प्लास्टिकच्या चाळण्या दिल्या होत्या, तर तिला अजून चाळणीवाली म्हणतात. दोन पोरं झाली तिला. अजून चाळणीवालीच. माझं एकदा हसू झालं की झालं, मग जन्मभर तेच.”

“तू कायबी काळजी करू नको,” मी म्हटलं, आणि फोन ठेवून ॲप उघडलं.

ॲपवर तेव्हा एक नवीन खूळ निघालं होतं. मिळून खरेदी. एकटीनं घेतलं तर एक भाव, पन्नास जणींनी घेतलं तर कमी, शंभराच्या वर गेलं की जवळजवळ मातीमोल. खाली एक हिरवी पट्टी. जसजशा बाया वाढतील तसतशी पट्टी पुढं सरकते. ती पट्टी एकदा बघितली की बाईचं दुसऱ्या कशात चित्त लागत नाही. मतमोजणीच्या दिवशी उभे असलेले उमेदवार जसे पाणीसुद्धा पीत नाहीत, तशी मी त्या पट्टीसमोर बसले.

वस्तू कोणती? तर लसूण चिरायचं यंत्र. तळहाताएवढी डबी, वर झाकण, झाकणाला दोरी. आत लसूण टाकायचा, दोरी ओढायची, भुर्रकन आतलं पातं फिरतं आणि लसूण बारीक. दिसायला एकदम परदेशी. मी म्हटलं, हे वाण बघून मोठ्या काकूंच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही.

पण भाव खाली आणायचा तर बाया पाहिजेत. मग मी मजकूर लिहिला, ‘संक्रांतीच्या वाणाला नामी वस्तू! लसूण-मिरची दोन झटक्यांत बारीक! लगेच घ्या आणि दहा जणींना पाठवा.’ पुढं हात जोडले, फुलं टाकली, पतंग टाकले. भिशीच्या बायांना पाठवला. भजनी मंडळाला पाठवला. उमरीच्या माझ्या जावांना, त्यांच्या जावांना. धर्माबादच्या बहिणीला पाठवला, तिनं तो पुढं तेलंगणात सोडला. तिकडून मला तेलुगूत कुणाकुणाचे काय काय आले, ते आशीर्वाद होते की काय देव जाणे. आणि हो, एक विहीणबाईंना पाठवला. आपल्या माणसाला चांगली वस्तू कळवू नये का?

पट्टी अशी धावली की विचारू नका! शेवटी एकच ऑर्डर कमी पडत होती. मी तशीच उठले आणि शेजारच्या भाभींकडं गेले. त्यांच्या मालकाची सीख-कबाबची गाडी आहे, त्यांच्या घरात लसूण घमेल्यानं लागतो. भाभी म्हणाल्या, “कायकू बाई? मेरा खलबत्ता अच्छा है.” मी म्हटलं, “भाभी, तुम्हारे वास्ते नक्को, मेरे वास्ते लेओ. मेरी बेटी की इज्जत का सवाल है.” बेटीची इज्जत म्हटल्यावर त्या बाईनं पुढं एक शब्द काढला नाही. पट्टी भरली. भाव कोसळला. मी पन्नास यंत्रं मागवली, गुलाबी रंगाची.

आमचे हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, “तू आता जिल्ह्यातल्या सगळ्या बायांना हेच वाण घ्यायला लावलंस.”

“हाव. मग?”

“काही नाही,” म्हणाले, आणि डोकं परत पेपरात घातलं. या माणसानं वर्गात मुलांना अशीच गणितं घातली असतील, उत्तर न सांगता. तेव्हाच ओरडून सांगायला काय झालं होतं?

यंत्रं आली. भाभींचं एक आधी आलं, आणि त्या ते घेऊन माझ्या दारात. एका हातात डबी, एका हातात दोरी.

“क्या बाई, ये कैसा मशीन है? पैलीच बार खींची, दोरी हात में आ गई. डब्बा उधर, मैं इधर.”

“भाभी, जोर से खींचा होगा तुम.”

“लसूण है बाई, बैल नै है. कित्ता जोर लगता?” मग त्या जरा जवळ आल्या. “सुनो, बेटी के ससुराल में नक्को बाँटो ये.”

मी त्यांना समजावलं. म्हटलं, भाभी, वाण हे वापरायला नसतं. वाण फिरायला असतं. मला आलेली चहाची गाळणी मी पुढच्या वर्षी दुसरीला देते, ती तिसरीला. आमच्या गल्लीत एक साबणाची पेटी मी चार संक्रांती ओळखते, तिच्या कोपऱ्याला टवका उडालाय. दोरी ओढतंय कोण? भाभींनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी त्या उधार मागणाऱ्याकडं टाकतात, आणि गेल्या.

संक्रांत झाली, नांदेडात हळदी-कुंकवं सुरू झाली. पहिल्या घरी गेले. तिळगूळ, हळद, कुंकू, अत्तर, आणि पदरात पडलं लसणाचं यंत्र. पोपटी रंगाचं. मला आतून बरंच वाटलं. म्हटलं, बघा, माझी निवड. दुसऱ्या घरी गेले. यंत्र. तिसऱ्या घरी यंत्र. चौथ्या घरी बाई म्हणाली, “यंदा काहीतरी वेगळं दिलंय हं,” आणि यंत्र काढलं. भजनी मंडळातल्या एकीनं मला यंत्र दिलं, मी तिला त्याच दिवशी माझ्या घरी दुसरीकडून आलेलं यंत्र दिलं, आणि दोघींनी एकमेकींना “अय्या, किती छान!” म्हटलं. तोंडं अशी केली होती दोघींनी, जशी दाढ काढून आल्यावर माणूस हसतो.

आठवड्याच्या शेवटी माझ्या पिशवीत एवढी यंत्रं की चालताना खडखड आवाज यायचा. नांदेड शहरात प्रत्येक बाईनं चाळीस यंत्रं विकत घेतली, चाळीस वाटली आणि चाळीस परत मिळवली. एका रुपयाची वस्तू इकडची तिकडं झाली नाही, पैसे मात्र सगळ्यांचे गेले. कुणाकडं? त्या बिनतोंडाच्या ॲपकडं! निजामानंसुद्धा आमच्या माणसांकडून असा कर कधी काढला नसेल, आणि वर तो सारा वसूल करताना पतंग आणि फुलं पाठवत नव्हता.

मग मला आठवलं. लातूर.

फोन लावला. म्हटलं, “काय गं, तिकडं हळदी-कुंकवं चालू झाली का?”

“झाली.”

“वाण काय काय येऊन राहिलंय?”

ती म्हणाली, “मम्मी, दोरीचं यंत्र. रोज. सासूबाईंनी कुठून तरी आलेला मजकूर अख्ख्या लातूरला पाठवला होता. किल्लारीच्या त्यांच्या बहिणीनं तर ट्रॅक्टरमधून आणवली म्हणे. तू तेच तर आणणार नाहीस ना?”

“मी? छे गं!”

“मम्मी.”

“म्हटलं ना, छे!”

“मम्मी, खरं सांग.”

“तिकडची पोपटी असतील. आपली गुलाबी हायत.”

तिनं फोन ठेवला. रागावली असती, ओरडली असती, तर मी दुप्पट ओरडले असते. पण नुसता ठेवला. तेव्हा मला कळलं की पोरगी रडतेय.

मग मी त्या ॲपला धरलं. वस्तू परत घ्या म्हटलं. तिथं बोलायला एक यंत्रच बसवलंय, ते म्हणालं, ‘आपल्याला आनंदी ठेवणं हे आमचं ध्येय आहे.’ मी लिहिलं, मी आनंदी न्हाई. ते म्हणालं, ‘ऐकून वाईट वाटलं. कृपया खालीलपैकी कारण निवडा.’ खाली कारणं होती, वस्तू फुटली, वस्तू मिळाली नाही, रंग वेगळा. मला पाहिजे ते कारण तिथं नव्हतंच. ‘पोरीचं सासरी हसू होणार’ असं कारण तुम्ही ठेवत नाही, मग कसला आलाय आनंद? मी त्याला चांगल्या देगलूरच्या शिव्या दिल्या, अर्ध्या तेलुगू, अर्ध्या कानडी. शेवटी ते म्हणालं, मिळून खरेदीतली वस्तू परत घेतली जात नाही, पण आम्ही आपल्याला पुढच्या खरेदीवर दहा रुपयांचं कूपन देत आहोत. निवडक ग्राहक म्हणून! आता निवडलं मला!

तुम्ही म्हणाल, मग बाई, दुसरं वाण घ्यायचं. कसं घेणार? पन्नास यंत्रांचे पैसे घालून बसले होते. त्यावर परत दुसरं म्हणजे एका संक्रांतीला दोनदा पैसे. असलं पाप माझ्या हातून होत नाही. मी ती पन्नास यंत्रं दोन पिशव्यांत भरली, काळी साडी आणि हलव्याचे दागिने तिसरीत, आणि एसटीत बायकांचं अर्धं तिकीट काढून लातूर गाठलं. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत रस्त्याला जिथं जिथं खड्डा आला तिथं तिथं पिशवीतून भुर्र भुर्र आवाज यायचा. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं दोनदा विचारलं, पाखरं हायत का बाई.

लातूरला घरात पाऊल टाकलं, तर विहीणबाई माझ्या पिशव्यांकडं बघतात, मी त्यांच्या कपाटाकडं. कपाटाचं दार नीट लागलं नव्हतं आणि फटीतून दिसत होता गुलाबी रंग.

“इहीणबाई,” मी म्हटलं, “तुम्हीपण गुलाबीच घेतली?”

“पोपटी लवकर संपली ना.” मग त्यांचा आवाज चढला. “पण लिंक तुम्हीच पाठवली होती ताई. मी काही माझ्या मनानं न्हाई घेतली.”

“मी तुम्हाला पाठवली. लातूर जिल्ह्याला पाठवा म्हटलं नव्हतं!”

“दहा जणींना पाठवा असं लिहिलं होतं त्यात! फुलं टाकून!”

“दहा म्हणजे दहा! तुम्ही किल्लारीपर्यंत गेलात!”

“आणि तुम्ही तेलंगणात गेलात ते? तिकडनं माझ्या चुलत नणंदेला आली परत तीच लिंक, तेलुगूत!”

आम्ही अशा भिडलो होतो की जावईबापू आतल्या खोलीतून चप्पल न घालताच बाहेर निघून गेले. मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. किती महिन्यांनी भांडायला समोर तोंड मिळालं होतं! आणि बाईचं तोंडही चांगलं होतं, एक शब्द वाया घालवत नव्हती.

पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी. हाताला तीळ लागलेले. डोळे लाल. आम्ही दोघी एकदम गप्प झालो. तिनं हात धुतले, गाडीची किल्ली घेतली.

“कुठं चाललीस?” मी.

“संध्याकाळी बाया येणार आहेत. वाण माझं आहे. मी बघते.”

“अगं पण पैसे?” आम्ही दोघी एका सुरात म्हणालो.

“माझ्या पगाराचे,” म्हणाली आणि गेली.

परत आली ती गाडीच्या पुढ्यात एक गोणी घेऊन. गोणी दारातून आत यायच्या आधी वास आत आला. लसूण. मोठे मोठे, पांढरे, चांगले वाळलेले गड्डे. आता तुम्हाला आठवतं ना, त्या हिवाळ्यात लसणाचा भाव काय होता? भाजीवाले लसूण टोपलीत मांडत नव्हते, मांडीखाली घेऊन बसायचे. मागितला तर आधी तुमच्याकडं वरून खालपर्यंत बघायचे. लग्नाच्या पंगतीत आमटीत लसणाची पाकळी सापडली तर माणसं शेजारच्याला दाखवायची. आणि ही पोरगी गोणीभर घेऊन आली!

विहीणबाई ओरडल्याच. “अगं हळदी-कुंकवाला लसूण? सौभाग्याच्या वाणात लसूण? मोठ्या काकू काय म्हणतील?”

पोरगी शांतपणे म्हणाली, “आई, लातुरातल्या प्रत्येक घरात आज वीस-वीस यंत्रं आहेत. आणि एकाही घरात लसूण नाही.”

मी आपलं मूळ मुद्द्यावर आले. “काय भावानं आणलास?”

“विचारला नाही.”

“विचारला न्हाई?”

“गोणी भरायला सांगितली, पैसे दिले.”

मी खाली बसले. विहीणबाईंनी मला पाणी आणून दिलं आणि त्यातलं अर्धं स्वतः प्यायल्या. भांडण तिथंच मिटलं. एवढा मोठा घाव बसल्यावर यंत्रांचं काय घेऊन बसता? मग दुपारभर आम्ही दोघी लाल कापडाचे तुकडे करून त्यात पाव-पाव किलो लसूण बांधत बसलो. मध्येच विहीणबाई म्हणाल्या, “इहीणबाई, दोन गड्डे कमी घातले तर कुणाला कळणार हाय?” पोरगी पलीकडून म्हणाली, “मला कळेल.” आम्ही परत भरले.

संध्याकाळी बाया आल्या. चेहरे आधीच तयार करून आल्या होत्या, अय्या किती छान म्हणायचे. काळ्या साडीत, हलव्याच्या दागिन्यांत माझी पोरगी पाटावर बसलेली. मोठ्या काकू खुर्चीवर बसल्या. हळद लावून घेतली, कुंकू लावून घेतलं, पुरचुंडी हातात घेतली. वजन बघितलं. नाकाशी नेली.

“हे काय हाय गं?”

“लसूण आहे काकू.”

“हळदी-कुंकवाला?”

“यंत्र तुमच्याकडं असेलच,” पोरगी म्हणाली.

मोठ्या काकूंनी गाठ सोडली. एक गड्डा काढला, बोटांनी चोळला. मी मनात सगळे देव संपवून दर्ग्यापर्यंत पोचले होते. मग ती बाई म्हणाली, “चौदा यंत्रं हायत माझ्याकडं. चौदा! सून म्हणते भाजीला लसूण घालायचा न्हाई, परवडत न्हाई. आणि घरात चौदा यंत्रं!” आणि हसायला लागली. ती हसली तशी अख्खी खोली फुटली. एकीनं पळत घरून यंत्र आणलं, दोरी ओढली, दोरी हातात आली. दुसरीनं ओढली, तिचीही आली. तिसरीच्या यंत्राचं पातंच उडून तिळगुळाच्या ताटात पडलं. शेवटी विहीणबाईंनी खलबत्ता काढला, हिरव्या मिरच्या भाजल्या, आणि हळदी-कुंकवाला आलेल्या बाया भाकरी-ठेचा खायला बसल्या. दागदागिने घालून, बोटं चाटत.

पण मोठ्या काकू मोठ्या काकूच. ठेच्याचं बोट तोंडातून काढलं आणि म्हणाल्या, “हे तर झालं. पण पोरीच्या माहेराहून काय आलं?”

पाठीमागच्या खोलीत पलंगाखाली माझी पन्नास गुलाबी यंत्रं. विहीणबाईंना ठाऊक होतं, त्यांनी खलबत्त्यात मान घातली. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी पोरगी म्हणाली, “लसूण माहेराहूनच आला काकू. मम्मीनं नांदेडहून आणला. बसमधून. एवढं ओझं घेऊन.”

चेहरा असा सरळ, की मलाच क्षणभर वाटलं आपण आणला. खोटं बोलायला मीच शिकवलं होतं तिला, बिगारीच्या वर्गापासून, कंडक्टरला वय सांगताना. पण इतकी सफाई माझ्यातही नाही. मोठ्या काकू खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आल्या, हातातला लसूण दाखवला आणि म्हणाल्या, “लई दिलदार बाई तुम्ही. काय भावानं पडला?”

आता बघा माझी अवस्था! ज्या बाईला मोंढ्यातल्या प्रत्येक वस्तूचा सकाळचा आणि संध्याकाळचा भाव पाठ, तिला तिच्याच वाणाचा भाव माहीत नाही. खरा भाव सांगावा तर तो पोरीनं विचारलेलाच नाही. मोठा भाव सांगावा तर जीभ उचलत नाही, पन्नास वर्षांत मी जास्त भावानं काही घेतलं असं कुणाला सांगितलं नाही. तोंडातून निघून गेला तोच भाव, जो मला द्यायला आवडला असता.

बायांचे हात भाकरीवरून उठले. सगळ्यांचे फोन एकदम बाहेर.

“एवढ्यात? कुठल्या ॲपवर?”

“ताई, लिंक पाठवा की!”

“मिळून खरेदी हाय का? आम्ही सगळ्या घेतो!”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. बापासारखं. उत्तर न सांगता.

“ऑफर संपली,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती मला बसला सोडायला आली. तिच्या थोरल्या जाऊबाईंनी आदल्या दिवशी तिला करंड्यातलं कुंकू आपल्या हातानं लावलं होतं, आणि सकाळी दूधवालीसुद्धा दारात म्हणाली होती, लसणाच्या वाणाची सून तुम्हीच का? पोरगी खूश होती. मी खिडकीत बसले, तिला जवळ बोलावलं आणि म्हटलं, “आता तरी सांग. एकूण किती गेले?”

तिनं टाचा उंच करून माझ्या कानात सांगितलं.

“आणि त्यानं वरून काय दिलं? मिरची? कोथिंबिरीची काडी? काहीच न्हाई?”

“मागितलं नाही मम्मी.”

बस सुटली. अहमदपूर येईपर्यंत माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.